बाजाराच्या दिवशी एक गोळी

५ जानेवारी, सोमवार
बोलले एकदाची ऑनलाइन वर्गात! पडद्यावर चौकोनच चौकोन — अकोट, नेपाळ, मलावी — सगळे फार्मासिस्ट, आणि अमरावतीत बसून त्यांना शिकवणार मी. विषय मेथोट्रेक्सेट. संधिवाताची गोळी, आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर शरीरात रक्त बनणंच थांबतं.

बाबांचं वाक्य आधी मराठीत, मग इंग्रजीत सांगितलं. तिवस्याच्या आमच्या दुकानात, माझी मान काउंटरच्या वर येत नव्हती तेव्हापासून ते शिकवायचे — "आठवड्यातून एकदा म्हनू नको, पौर्णिमा. लोक इसरतात. बाजाराच्या दिवशी म्हन. बाजार कोनी इसरत नाई." सगळे हसले. लिहून घेतलं.

७ जानेवारी
बाबांना फोनवर सांगितलं. लगेच म्हणाले — "माया वाक्याचा पगार कोन देईन मंग?" खूश झाले की असंच बोलतात.

१९ जानेवारी, सोमवार
वर्ग चालवणाऱ्या रश्मी मॅडमनी माझ्या बोलण्यातला बाबांच्या वाक्याचा तुकडा कापून सगळ्या देशांच्या गटांवर टाकला. खाली इंग्रजी भाषांतर देऊन. "सोपं, घरगुती. असंच हवं."

मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. एवढ्या खात्रीनं बोलते मी? पाकीट देऊन झाल्यावरही गिऱ्हाइकाला परत हाक मारणारी मी!

२ फेब्रुवारी, सोमवार
वर्ग संपला, चौकोन एकेक करून विझले. अकोटच्या दुकानातला सुगत तेवढा थांबला.

"मॅडम, दुर्गाबाई म्हनून पेशंट आहे माई. तोंडात फोडं, ताप. अकोल्याले भरती केलं. तुमी सांगतलं तसंच सांगतलं होतं मी तिले. बाजाराच्या दिवशी एक."

"मग?"

"मिरची इकते ते. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा."

मला लगेच कळलं. तरी विचारलं, "म्हणजे?" "रोज बाजार, मॅडम. रोज गोळी."

३ फेब्रुवारी
एसटीनं अकोल्याला गेले. नर्सनं तोंडाला मास्क बांधायला लावला — दुर्गाबाईंना आता कुणाच्याही साध्या सर्दीची भीती. ओठ सोललेले. मी कोण, ते सांगितलं. त्यांना वाटलं, औषधवाल्यांकडून चौकशीला आलेय.

"गोळी चुकली नाई बाई म्या. एकबी बाजार सोडला नाई."

शाबासकीची वाट पाहत होत्या.

गोळी उतरवणारं औषध चालू आहे. डॉक्टर म्हणाले, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वर येतात का बघू.

४ फेब्रुवारी
झोप नाही. आमच्या गल्लीत लसूणवाली ओरडत गेली, मी दारापर्यंत धावले. विचारायचं काय होतं तिला?

५ फेब्रुवारी
बाबांना सांगितलं. म्हणाले, "शब्द चांगला होता." मी म्हटलं, घेणाऱ्यांसाठी होता बाबा, विकणाऱ्यांसाठी नव्हता. त्यांनी फोन आईकडे दिला.

६ फेब्रुवारी
रश्मी मॅडमना सगळं कळवलं. म्हणाल्या — "तुकडा काढून टाकते. पण वर्गात बोलायलाच हवं का? एक पेशंट, एक गैरसमज. लोकांचा आपल्यावरचा विश्वास जाईल."

काढून टाकला तरी ज्यांनी ऐकलं त्यांच्या तोंडात तो आहेच. नेपाळात, मलावीत माझा आवाज पाकिटाबरोबर कुणाच्या तरी घरी जातोय. एकच दुर्गाबाई असेल, हे मॅडमना कुणी सांगितलं?

सोमवारी बोलणार. काढलं मला तर काढलं.

८ फेब्रुवारी
सुगतचा फोन. दुर्गाबाईंच्या पेशी अजून खालीच.

९ फेब्रुवारी, सोमवार
वर्ग चालूच आहे. रिकामं बसवत नाही म्हणून लिहितेय.

सगळं सांगितलं. पाकिटावर वाराचं नाव लिहा म्हटलं, आणि ज्यांना बाजार म्हणून सांगितलंय त्यांना आजच गाठा. मग मलावीच्या एका बाईंनी माइक सुरू केला. त्यांच्या आईला संधिवात. गोळ्या यांनीच पोचवल्या, माझा तुकडा पाहून — बाजाराच्या दिवशी एक. आई मासे विकते, रोज वेगळ्या बाजारात.

माइक तसाच ठेवून त्या आईला फोन लावताहेत. इथे मला रिंग ऐकू येतेय. कुणी उचलत नाही. वर्गातूनही कुणी उठत नाही.