रिकामी परत पाठवलेली पिशवी

आये, काल दादाच्या बायकोसाठी मी हॉस्पिटलची पिशवी भरली. दादाचं हृदयाचं ऑपरेशन झालंय, तो अजून आयसीयूत आहे आणि वहिनी दोन दिवस बाहेरच्या खुर्चीवर बसून आहे. केबिन रोडवरून नवा थर्मास आणला. तांदळाच्या भाकऱ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात जवळ्याची चटणी, पंचा, साबणाची वडी, चादर. तुझ्याच हाताखाली शिकलेय, काही राहत नाही माझं. वॉचमन अडवायला लागला, "एक पेशंट के साथ एक ही आदमी." मी म्हटलं, "आदमी रुकेगा नहीं, खाना रुकेगा." हसला आणि सोडलं. वहिनीने चहाचा पहिला घोट घेतला आणि विचारलं, "ताई, तुमच्या ह्यांच्या अपघाताच्या वेळेला आई आल्या होत्या का हो?" ती आपल्या घरात नंतर आलेली, तिला काय माहीत. मी नेहमीचं उत्तर दिलं. ते काय असतं ते तुला सांगते, कारण तुझ्या माघारी मी ते बऱ्याच जणांना दिलंय.

भाईंदर पश्चिमेच्या आपल्या आळीत कुणी ॲडमिट झालं की तुझी निळी वायरची पिशवी निघालीच. पेशंट कसा आहे ते विचारायचं नाही, आधी चहा ओतायचा, हे तू मला दटावून शिकवलंस. रीतही ठरलेली. माणूस बरा होऊन घरी आला की पिशवी परत यायची ती भरून, नारळ नाहीतर मूठभर सुके बोंबील घालून. माणूस गेला तर कुणीतरी न बोलता रिकामी पिशवी दारात ठेवून जायचं. मग तू पदर तोंडाला लावून उंबऱ्यातच बसायचीस. ज्याच्याशी आयुष्यात चार शब्द बोलली नसशील त्याच्यासाठीसुद्धा रडायचीस. सगळी आळी तुझे गोडवे गायची. अजूनही कुणी गायला लागलं की माझं डोकं उठतं.

कारण मी उत्तनच्या ख्रिस्ती घरात लग्न केलं आणि तुझी माया तिथेच आटली. त्यांच्याकडे बोट, आपल्याकडे बोट, जाळी सारखीच, मासळीचा वासही सारखाच. तरी तू म्हणालीस, "तो माझा जावई न्हाय." चार वर्षं माझ्या दारात पाऊल टाकलं नाहीस. मग काशीमीऱ्याच्या नाक्यावर ट्रकने त्याला उडवलं. तीन दिवस मी आयसीयूच्या बाहेर बसून होते. त्यातल्या दुसऱ्या दिवशी तू त्याच हॉस्पिटलात येऊन गेलीस, खालच्या मजल्यावर, आळीतल्या कुणाच्या तरी बाळंतिणीसाठी! एक जिना चढली नाहीस. तिसऱ्या दिवशी शेजारची काकी निळी पिशवी घेऊन आली. मी तिच्या मागे बघितलं, मागे कुणी नव्हतं. "तुझ्या आयेनं दिलीय गो," ती म्हणाली, "तिचे पाय दुखतात." बाळंतिणीला बघताना नव्हते दुखले.

काकी गेल्यावर मी पिशवीतलं सगळं बाहेर काढलं आणि शेजारच्या बाकावरच्या बाईला देऊन टाकलं. तिचा मुलगा आत होता, तिने हात जोडले. संध्याकाळी आपल्या आळीतला रिक्षावाला खाली दिसला, त्याच्या हाती पिशवी दिली आणि म्हटलं, आयेच्या दारात ठेव.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने तू उत्तनला पोचलीस. सासूबाई अंगणात बोंबील वाळत घालत होत्या. तू फाटकातूनच ओरडलीस, "माझा जावई गेला गो!" ती बाई तिथल्या तिथे खाली बसली. तिचाच मुलगा तो. कुणीतरी हॉस्पिटलला फोन लावून तो जिवंत आहे हे सांगेपर्यंत अर्धा तास तुम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होतात. खरं कळल्यावर तू पाणीही न पिता उठलीस. मला फोनवर एवढंच विचारलंस, "रीत ठाव नव्हती तुला?" मी म्हणाले, डोकं ठिकाणावर नव्हतं, विसरले. त्यानंतर तू बोललीच नाहीस, आणि दोन वर्षांनी गेलीस. माझा नवरा लंगडत तुझ्या तिरडीबरोबर शेवटपर्यंत चालला.

काल वहिनीलाही मी तेच सांगितलं, की आये जिवंत जावयाला बघायला आली नाही, मेलेल्याला रडायला तेवढी धावत आली. ती हळहळली. लोक हळहळतात तेव्हा मला बरं वाटतं. घरी येऊन हे लिहायला बसले. वहिनीला दाखवावं असं मघाशी वाटलं होतं, पण नाही दाखवणार. नवऱ्यालाही नाही. सासूबाई ऐंशीच्या पुढे गेल्यात, त्यांना तर मुळीच नाही.

मी विसरले नव्हते, आये. रिकामी पिशवी त्या रिक्षावाल्याच्या हाती देताना ती दारात बघून तू काय समजशील हे मला पक्कं ठाऊक होतं. परक्यांसाठी रडतेस, तर एकदा माझ्या नवऱ्यासाठी रड, एवढंच मला हवं होतं. सासूबाईंचा विचार मनात आलाच नाही. त्यांनी मला हॉस्पिटलात येऊन सांगितलं की तुझी आये त्याला जावई म्हणून रडली, आणि सांगताना मुलाचा श्वास चालतोय ना हे त्या काचेतून पुन्हा पुन्हा बघत होत्या, तेव्हा मला आधी आनंद झाला.