बासुंदी म्हणजे दूध नव्हे

३ जानेवारी, सकाळ
रेडिएशन संपून वर्ष झालं. गर्भाशयाचा कॅन्सर गेला. मी ठणठणीत आहे. पोट अधूनमधून घाई करतं, एवढंच. डॉक्टरांच्या मते रेडिएशननं आतडी आतून भाजली आहेत. दूध, तिखट, तळलेलं बंद. डॉक्टर लहान आहे. माझ्या आतड्यांना ओळखत नाही.

सुचित्राचा फोन. पंचवीस तारखेला कामोठ्याला तिच्या घरी आम्हा शाळेतल्या मैत्रिणींचं गेट-टुगेदर. जाणारच. पोटाचं कुणाला कळू द्यायचं नाही. सिस्टर बर्निसच्या वर्गात बोट वर करून ‘मे आय गो?’ विचारलं की उत्तर ठरलेलं: सिट डाऊन, यू कॅन वेट. आम्ही थांबायचो. ते ट्रेनिंग वाया जात नाही.

८ जानेवारी
सराव सुरू. नेरूळहून वाशीच्या मॉलला निघाले. अर्ध्या वाटेत, जुईनगरहूनच परतले. मॉलमध्ये हल्ली बघण्यासारखं असतं काय?

१२ जानेवारी
आज फक्त शिरवण्याचा बाजार. नवरा दारातच विचारतो, कोथिंबीर कुठाय? मी बाथरूममधून सांगितलं, सुकलेली होती.

१५ जानेवारी
सोसायटीच्या गेटपर्यंत. उत्तम. वॉचमन म्हणाला, मॅडम, आज भी कुछ भूल गये? फार चौकस.
चंद्रशेखर म्हणाले, अशीच प्रगती राहिली तर पंचवीसला हॉलपर्यंत नक्की पोचशील. लग्नाआधी हा माणूस मला निळ्या शाईनं पत्रं लिहायचा.

१८ जानेवारी
थोडं रक्त दिसलं. बीट असणार. खाल्लेलं आठवत नाही, पण बाजारात पाहिलं होतं.

२० जानेवारी
डॉक्टरांनी विचारलं, रक्त पडतं का? नाही म्हटलं. हो म्हटलं असतं तर दुर्बीण घालून तपासणी, आणि माझी पंचवीस तारीख गेली असती.

२५ जानेवारी, दुपार
गोळी घेतली. सकाळपासून उपाशी. क्रीम रंगाची साडी नेसले. तिला आत्मविश्वास लागतो.

संध्याकाळ
सगळ्या भेटल्या. क्षिप्राचे दात नवे, हसणं तेच. जेवायला बासुंदी. बासुंदी म्हणजे दूध नव्हे. इतकं आटवल्यावर दूधपणा उरतो कुठे? दोन वाट्या घेतल्या. मग शाळेची प्रेयर म्हटली. दुसऱ्या कडव्याला पोटानं सांगितलं, आत्ता.
उठले. काय झालं कोण जाणे, बोट आपोआप वर गेलं. मे आय गो?
सगळ्या खिदळल्या. सुचित्रा नाकातून, हुबेहूब सिस्टर बर्निस: सिट डाऊन, यू कॅन वेट!
आणि मी बसले.
सोफा पांढरा होता.

२६ जानेवारी
सुचित्राचा गाऊन धुऊन वाळत घातला. सकाळीच तिचा फोन आला. सोफ्याचं नाव नाही, नुसती रडत होती. बाई गं, मला तरी सांगायचंस.
चंद्रशेखर कालपासून एकदाही टोमणा मारत नाहीत. त्याचीच भीती वाटते.
उद्या डॉक्टरांकडे. बीट खाल्लं नव्हतं.