पाळी बदलतानाचा आवाज

प्रिय करुणा,

आबा चिडलाय, हे आधी वाच आणि मग पुढं सरक. काल तुझा बाप सांगत होता, तू तुझं ते संगीताचं बटणांचं यंत्र विकायला काढलंस. गोकुळच्या तोंडावर असं समाधान, जसं काही तुझं लग्नच ठरलं! मी चहा तसाच ठेवून उठलो. अगं, शेंद्र्याच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्रेसरपाशी, भट्टीपाशी आवाज टिपायला फोन धरून उभी राहणारी पोरगी तू. एका हशानं खचलीस?

आणि हसलं कोण? माझ्या पंचाहत्तरीला सिडकोतल्या हॉलमध्ये बायांनी पंचाहत्तर दिव्यांनी मला ओवाळलं, आणि मग तू 'आबांसाठी' म्हणून तुझं संगीत लावलंस. ना ताल, ना शब्द. नुसती एक लांब, काळीभोर घुमघुम. चौथ्या मिनिटाला तुझ्या आजीचे भाऊ साहेबराव म्हणाले म्हणे, "पोरी, पाण्याची मोटर चालू राह्यली का गं?" आख्खा हॉल खिदळला. शेजारच्या चतुराबाईंनी तर निकालच दिला, "शुभ दिवशी लई अभद्र वाजवलं बाई." अभद्र! यांच्या वरातीत डीजेनं खिडक्यांच्या काचा थरथरतात, ते मंगल. कुणाला नाचवत नाही, कुणाची खुशामत करत नाही, ते अभद्र. मग साहेबराव माझ्या कानाशी वाकले, मी मान हलवली आणि त्यांनी वायर उपटली. तू माझ्याकडं पाहिलंस. ते पाहणं अजून माझ्या अंगावर आहे.

तुला माहीत नाही, ते संगीत मी आधी ऐकलेलं होतं. चिकलठाण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर होतो. सोयगावच्या शाळेत गुरुजींनी कविता चालीवर म्हणून घेतल्या होत्या. तेवढी शिदोरी घेऊन मी शहरात आलो. प्रेसच्या दणक्यात भुजंगप्रयात कसला टिकतोय! पण पाळी बदलताना दहा मिनिटं सगळे प्रेस थांबायचे. मागं उरायचे फक्त मोठे पंखे आणि कॉम्प्रेसर. त्या घुमघुमीत डबा हातात धरून मी उभा राहायचो आणि शाळेतली एकेक ओळ सावकाश वर यायची. पत्र्याचं छप्पर, तेलाचा वास, हिरवं पान औषधाला नाही, आणि तरी मनाला असा विसावा मला वेरूळच्या लेण्यांतही मिळाला नाही. उदास आवाजानं माणूस उदास होतो, असं कोण म्हणतं? मला तर तो जागा करून द्यायचा. तू ती दहा मिनिटं ताणून अर्ध्या तासाची केलीस, आणि या लोकांना मोटर आठवली!

आता जे लिहायला बसलो ते. करुणा, मला ऐकू येत नाही. मोठा, जाडा आवाज येतो. बारीक सगळा गेला. प्रेसनं नेला. कवितेतली पाखरं गेली, बायकापोरांचं बोलणं गेलं. ओठ हलताना दिसले की मी हसून मान हलवतो. सात वर्षं असंच निभावलं. तुझी आजी जाताना काहीतरी म्हणाली, तेव्हाही मी मानच हलवली. साहेबरावांनी 'बंद करू का' विचारलं होतं, हे मला काल गोकुळ ओरडून सांगत होता तेव्हा समजलं. त्या हॉलमध्ये मला नीट ऐकू आलेली एकच गोष्ट होती, ती तुझी. आणि ती मीच बंद करवली. आज सकाळी गोकुळला सगळं सांगून टाकलं. मंगळवारी तो मला कानाच्या डॉक्टरकडं नेणार आहे. पण त्याआधी, रविवारी, तू यंत्र घेऊन घरी ये. प्रेसशॉपमधले माझ्या पाळीचे सहाजण बोलावलेत. सगळ्यांचे कान माझ्यासारखेच. माफी मागून तुझं मन भरणार नाही, म्हणून श्रोते गोळा केलेत.

तुझाच, अजून रागात असलेला,
आबा