जीपच्या नाकावरचं फडकं

प्रिय सुदामभाऊ,
जयभीम.

तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली आणि तुम्हाला मी एक ओळ लिहिली नाही. आज लिहिते आहे, कारण परवा अकोल्याच्या एका गॅरेजात मी उभ्या उभ्या संतापले, आणि परतताना मूर्तिजापूरच्या आसपास लक्षात आलं, की हा संताप गॅरेजवाल्यावर थोडाच होता. बराचसा माझ्यावर होता. आणि थोडा तुमच्यावर. होय, तुमच्यावरही!

हो, मी अजून गाडी चालवते. त्र्याहत्तराव्या वर्षी. भाच्यांना आवडत नाही. त्यांना विचारलंय कोणी?

झालं असं, की अकोल्याला बहिणीकडे जाताना माझ्या गाडीत इंजिनाचं चित्र असलेला एक पिवळा दिवा लागला. गॅरेजवाला म्हणाला, "काकू, ऑक्सिजन सेन्सर गेला." आता तुम्ही विचाराल, हे काय नवीन? सुदामभाऊ, धूर जातो त्या नळीत हल्ली बोटाएवढा एक तुकडा बसवतात. जळून बाहेर पडलेल्या धुरात प्राणवायू किती उरला हे तो हुंगतो आणि गाडीला सांगतो. म्हणजे तुम्ही प्लग काढून, उन्हाकडे धरून जे पाहत होता, तेच. तुमचं काम आता एक खिळा करतो!

तुम्ही मला पहिल्यांदा प्लग दाखवलात ते आठवतं? फिरत्या दवाखान्याची आपली जीप दर्यापूरच्या रस्त्यावर बंद पडली होती. मी नुकतीच सिस्टर म्हणून लागलेली, वकिलाची मुलगी, ननांच्या हाताखाली शिकलेली, बूट पांढरेशुभ्र. तुम्ही म्हणालात, "हे पाहा शिस्टर. कातासारखा रंग असला तं जीप खुशीत आहे. पांढरा पडला तं हवा जास्त. काळा पडला तं पेट्रोल जास्त. हा काई खोटं बोलत नाई." मी म्हणाले, "माझे हात खराब होतील." तुम्ही हसलात. तुमचं ते हसू मला तेव्हा उद्धटपणाचं वाटलं होतं. काय अक्कल होती मला!

त्या वर्षी दसऱ्याला तुम्ही चार दिवस रजा घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेला होतात. कापूस नुकताच निघायला लागला होता. भातकुलीपासून पुढे रस्ताभर बैलगाड्या, हवेत कापसाचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ. बदली ड्रायव्हरने बॉनेट उघडलं, तर आत सगळीकडे तो काळा थर. मला राहवलं नाही. इंजिन जिथून हवा ओढतं, त्या तोंडावर मी गॉजच्या चार घड्या घातल्या आणि बँडेजने बांधल्या. नाकाला रुमाल बांधतो तसं. आमच्या मदर सुपीरियरने पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती. बदली ड्रायव्हर म्हणाला, "वा सिस्टर!" मी खूश. तुम्ही परत आलात तोवर मी ते विसरूनही गेले.

पुढच्या महिनाभरात जीप काळा धूर ओकायला लागली. पेट्रोल दीडपट पिऊ लागली. तुम्ही कार्बोरेटर उघडलात, साफ केलात, पुन्हा बसवलात. प्लग काळेच. माझं फडकं धुळीने इतकं काळं झालं होतं, की ते जीपचाच भाग वाटत होतं.

आणि मग साहेबांनी, आपल्या त्या हेल्थ ऑफिसरांनी, भर अंगणात सगळ्यांसमोर तुम्हाला विचारलं, "पेट्रोल दर्यापूरला विकतोस की अचलपूरला?"

तुम्ही म्हणालात, "साहेब, प्लग पाहा. पेट्रोल जळून राह्यलं, चोरीले नाई जाऊन राह्यलं."

"मला प्लग शिकवतोस? आठ दिवस देतो. नाहीतर दुसरीकडे काम शोध."

ते आठ दिवस तुमच्या घरात कसे गेले असतील, हे मी तेव्हा मनातही आणलं नाही. सातव्या दिवशी तुमचा हात हवा ओढणाऱ्या त्या तोंडाच्या खालच्या बाजूला गेला. मी शेजारीच उभी होते. तुम्ही फडकं ओढून काढलंत आणि गाठीकडे पाहिलंत. बँडेजची चपटी गाठ, सुदामभाऊ. सबंध दवाखान्यात ती बांधणारी मी एकटी! तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, फडकं खिशात कोंबलंत आणि जीप सुरू केलीत. धूर गेला.

साहेब आले. "काय निघालं?"

"कपडा होता साहेब. म्याच बांदला होता. धूळ जाते म्हून."

अंगणात हशा पिकला. कंपाउंडर म्हणाला, "चहा गाळून राहिला होता काय बे?" साहेबांनी तुम्हाला जीपवरून काढून स्टोअरच्या दाराशी बसवलं. आणि मी, जिची जीभ वडिलांनाही आवरत नव्हती, ती मी गप्प. माझ्या तोंडावर कोणी गॉज बांधला होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं. दार लावून घेतलं होतं, हेही लिहिते. साहेब काय म्हणाले असतील? ते हसले! "कॉन्व्हेंटच्या मुली तुम्ही, स्वच्छतेचं भारी वेड." मला चहा मागवला. त्याच फडक्यासाठी तुमची जीप गेली होती आणि मला चहा आला. मी तो प्यायले, सुदामभाऊ.

दुपारपर्यंत तुम्ही पुन्हा जीपवर होतात. वाटेत मी तुमच्यावरच भडकले. "खोटं का बोललात तुम्ही? तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

तुम्ही रस्त्यावरची नजर न काढता म्हणालात, "शिस्टर, तुमच्यावर पयल्यांदाच आळ आला असता. मले सवय हाय."

आजही हे वाक्य आठवलं की माझा तिळपापड होतो. सवय हाय! ही काय सवय करून घ्यायची गोष्ट आहे? तुम्ही तेव्हा माझं नाव घ्यायला हवं होतं. मी रडले असते, चिडले असते, आणि दोन दिवसांत शहाणी झाले असते. मला शहाणं व्हायला पन्नास वर्षं लावलीत तुम्ही!

बघा, पुन्हा तुमच्यावरच ओरडते आहे. त्या दिवशी म्हणायचं होतं ते वेगळंच होतं. "चुकले" एवढंच. तेव्हा जमलं नाही.

आणि त्याहून वाईट पुढेच आहे. मी सांगितलं ते बंद दाराआड. अंगणात कोणाला कळलंच नाही. तिथे तुमचं नाव "गाळणी" पडलं ते पडलंच. तुमच्या निवृत्तीच्या दिवशी कोणीतरी म्हणालं, "आता जीपचा चहा कोण गाळणार, गाळणी?" सगळे हसले. तुमचा मुलगा अशोकसुद्धा, कारण त्यालाही ते खरंच वाटत होतं. तुम्ही हसता हसता माझ्याकडे पाहिलंत. माझ्या तोंडात पेढा होता. पेढा गिळायला किती वेळ लागतो हो?

तर परवाची गोष्ट. गॅरेजवाल्याने नवा सेन्सर बसवला आणि आठ दिवसांत दिवा पुन्हा लागला. मी परत अकोल्याला. तो त्याच्याकडच्या वैशालीवर उखडला. वैशाली तिथली मेकॅनिक. पंचविशीची, केस घट्ट बांधलेले, नखांत ग्रीस.

"तुले साधा सेन्सर बसवता येत नाही काय वं?"

ती म्हणाली, "सर, जुनाही चांगलाच होता. तो खरंच सांगून राहिला. हवा जास्त जाऊन राहिली कुठूनतरी."

"तू शिकवते मले?"

सुदामभाऊ, अंगणच उभं राहिलं डोळ्यांसमोर. मी म्हणाले, "ओ मालक, तिला पाहू द्या. आधी हवा पाहायची असते." त्या फडक्यानंतर तुम्ही नेहमी म्हणायचात, ते हे तुमचं वाक्य. उसनं घेतलं, विचारायला तुम्ही नव्हतात.

वैशालीने रबरी नळीवरून हात फिरवला. आत जाणारी हवा जिथे मोजली जाते, त्याच्या पुढे ती नळी सुटलेली होती. न मोजलेली हवा आत शिरत होती आणि बिचारा सेन्सर इमानेइतबारे तेच सांगत होता. मालकाने विचारलं, "नळीचा हा पट्टा कोणी ढिला केला? वैशाली?"

त्या नळीला पिवळ्या फडक्याचे धागे चिकटले होते. ते तिने पाहिले, मग माझ्या पर्समधून डोकावणारं पिवळं फडकं पाहिलं, आणि मान खाली घातली. आळ स्वतःवर घेतला, अगदी तुमच्यासारखा.

हो, मीच! पहिल्यांदा अकोल्याला निघण्याच्या आदल्या दिवशी बॉनेट उघडून मी सगळं पुसून काढलं होतं. नळी काढली, पुसली, बसवली. पट्टा आवळायचा राहिला. पन्नास वर्षांत माझं स्वच्छतेचं वेड काही गेलेलं नाही.

पण या वेळी श्वास घ्यायलाही थांबले नाही. सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी काढली होती. ही मुलगी पहिल्यापासून बरोबर सांगत होती आणि तुम्ही तिला बोललात. आता तेवढ्याच मोठ्याने तिला सॉरी म्हणा." मालकाचं तोंड बघण्यासारखं झालं. पण म्हणाला हो! वैशालीने पट्टा आवळला, मशीन लावून पाहिलं आणि दिवा विझवला. मग मला म्हणाली, "आजी, पुढच्या टायमाले पुसायचं असलं तं मले बोलवा." हसत होती. तुमच्यासारखंच. या वेळी मला ते उद्धट वाटलं नाही.

किती सोपं होतं, सुदामभाऊ! एका वाक्याचं काम.

आता वचन देते. येत्या रविवारी मी भातकुलीला अशोककडे जाते आहे. स्वतः गाडी चालवत. त्याला सांगितलंय, घरातल्या सगळ्यांना बोलव, नातवंडांनाही, आणि बापाच्या खात्यातली जुनी माणसं कोणी हयात असतील तर त्यांनाही. जुना, काहीही दोष नसलेला सेन्सर मी वैशालीकडून मागून घेतलाय, तोही नेते. पोरांच्या हातात देऊन सांगेन, की तुमचे आजोबा हे काम नुसत्या डोळ्यांनी करायचे आणि त्यांचं कधी चुकलं नाही. आणि ते फडकं त्यांनी बांधलं नव्हतं, मी बांधलं होतं. तिथल्या तिथे चपटी गाठ बांधूनही दाखवीन.

दार उघडं ठेवून बोलेन. पेढा नंतर खाईन.

चुकले, सुदामभाऊ.

तुमची,
कुमुद सिस्टर