पेंटरच्या नावावर माझं रक्त

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचा स्वभाव, दोन्ही आता जरा नरम असतील अशी आशा आहे. मी बरा आहे. (खरंच बरा. पूर्वी लिहायचो तसा नव्हे.)

मला नोकरी लागलीय. ओळखपत्रावर 'सोबती' असं लिहिलंय. नशेच्या सुया टोचून घेण्याच्या दिवसांत मला हेपॅटायटिस सी झाला होता, म्हणजे रक्तातून पसरणारी, यकृत पोखरणारी कावीळ. तीन महिन्यांच्या गोळ्यांनी ती गेली. आता तोच आजार घेऊन रस्त्यावर राहणाऱ्यांना मी हात धरून दवाखान्यात नेतो. ज्या गोष्टीसाठी घरच्यांनी कपाळाला हात लावला, तीच इथे माझी पात्रता ठरली. (हे भाऊजींना वाचून दाखवू नकोस.)

पुलाखाली एक पेंटर राहतो. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. बोट टोचून काढलेल्या थेंबात त्याचा आजार दिसला होता, पण शिरेतलं रक्त तपासल्याशिवाय गोळ्या मिळत नाहीत. पूर्वी एका दवाखान्यात 'वास येतो' म्हणून त्याला रांगेतून उठवलं होतं. तेव्हापासून तो फिरकलाच नव्हता. चार महिने मी त्याच्याशेजारी नुसता बसलो. (तीनदा त्याने मला हाकललं, एकदा ब्रश फेकून.) शेवटी आला, पण सुई पाहून खुर्चीतून उठायला लागला. दहा वर्षं नशेसाठी स्वतःला टोचणारा माणूस! तो सुईला नाही, सुई धरणाऱ्याच्या कपाळावरच्या आठीला घाबरत होता. मला ते ठाऊक आहे. मग मला शौर्य सुचलं. बाही सरकवली आणि म्हटलं, आधी माझं घ्या. माझं घेतलं, मग त्याने मुकाट्याने दिलं.

दुपारी रिपोर्ट आला, विषाणू नाही! पेंटरने मला उचललं, पुलाखाली सगळ्यांना कागद दाखवला. मीही नाचलो. संध्याकाळी कोपरावरची चिकटपट्टी काढताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच्या नावाची नळी आधीच तयार होती, तिच्यात माझं रक्त गेलं होतं, आणि त्याचं रक्त 'जादा' म्हणून बाजूला पडलं होतं.

ताई, खरं सांगितलं तर हा माणूस कायमचा जाणार, नाही सांगितलं तर जिवानिशी जाणार. सांगितलं. त्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला (त्यात तूही आलीस, माफ कर). मग कागद पुन्हा उघडून बघितला.

"म्हणजे हे रक्त तुझं? तुझ्यात खरंच काही उरलं नाही?"

"नाही."

"मला वाटायचं, ऑफिसवाले तुला 'बरा झालो' असं खोटं बोलायला लावतात. उद्या किती वाजता जायचं?"

त्याच्या गोळ्यांचा आज तिसरा आठवडा आहे. मला रडू आलं, ते तसंच लिहितो.

तुझा,
धाकटा

ता. क. भाचीला आशीर्वाद. बाकी काही विशेष नाही.

ता. क. विशेष आहे. त्यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो. तुमच्याकडे आठ महिने होतो, तेव्हा मी भाऊजींच्या रेझरने दाढी करायचो आणि कळू नये म्हणून धुऊन जागेवर ठेवायचो. आजार तेव्हा माझ्या अंगात होता. त्यातून लागण्याची शक्यता थोडी असते, पण असते. परक्यांना रोज सांगतो, तुम्हाला सांगायला सहा वर्षं लागली. भाऊजींची तपासणी करून घे.

ता. क. ते एकटे जाणार नाहीत. मी येतो सोबत. हाकलायचंच असेल तर तपासणी झाल्यावर हाकला.