पन्नास, पस्तीस, पन्नास

सोमवार, २ सप्टेंबर

आलो बुवा एकदाचे! दोन ट्रंका, गादीची वळकटी, इस्त्री आणि बबडी, सगळं शाबूत पोचलं. नव्या गावातलं घर म्हणजे पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक बाल्कनी, पण बाल्कनीत ऊन येतं आणि नळाला पाणी येतं, तेव्हा कुरकुरायला जागा नाही. वसाहत इतकी नवी की गल्लीत अजून नुसती खडी आहे. बबडीने (वय वर्षे सहा, तोरा साठ वर्षांचा) दोन्ही खोल्यांची तपासणी करून बाल्कनी आपल्या नावावर करून टाकली. शेजारच्या काकू स्वतःहून म्हणाल्या की शाळा सुटली की पोरीला आमच्याकडे सोडत जा. जीव भांड्यात पडला. ही वही डॉक्टरांच्या सांगण्यावरून. बायको गेल्यावर माणसाने बोलत राहावं, ऐकायला कोणी नसेल तर वहीशी बोलावं, असं ते म्हणाले. तर, वहीबाई, नमस्कार.

बुधवार, ४ सप्टेंबर

ऑफिसात बारा टेबलं आणि एक पंखा. पंखा फक्त मोठ्या बाईंकडे तोंड करून फिरतो. मोठ्या बाई आमच्या साहेब. काम सोपं आहे. गावात दिव्यांचे नवे खांब लागणार आहेत. कॉम्प्युटरवरच्या नकाशात प्रत्येक रस्ता म्हणजे एक रेघ. रेघ निवडायची, अंतर लिहायचं, तीस मीटर, आणि बटण दाबायचं. टपटपटप! रेघभर ठिपके, प्रत्येक दोन ठिपक्यांत बरोबर तीस मीटर, बोटभरही इकडेतिकडे नाही. ठिपका तिथे खांब. मग रंगवाले जाऊन रस्त्यावर फुल्या मारतात. इतकं शिस्तीचं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. हिने पाहिलं असतं तर म्हणाली असती, घरात टॉवेल जागेवर ठेवता येत नाही आणि निघाले खांब लावायला.

संध्याकाळी बबडीने विचारलं की आईला हे घर कसं सापडणार. मी म्हटलं, अगं तुझा बाप नकाशे करतो, सापडेल. जीभ हासडून टाकावी अशी. ती खुशीत खेळायला पळाली आणि मी न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं.

सोमवार, ९ सप्टेंबर

मोठ्या बाईंनी सगळ्यांदेखत झापलं. हमरस्त्याच्या रेघेवर, नकाशाच्या अगदी कडेला, जिथे आमच्या जुन्या गावाकडून रस्ता आत येतो, तिथे ठिपके इतके दाट की मुंग्यांची रांग वाटावी. अंतर मीटरऐवजी सेंटिमीटरमध्ये टाकलंत, असं त्यांचं म्हणणं. मी तीस मीटरच टाकलं होतं. पण नवा माणूस काय वाद घालणार? मुकाट्याने पुसले सगळे.

मंगळवार, १० सप्टेंबर

आज पुन्हा ठिपके. कालच्यापेक्षा दोन किलोमीटर आत.

पुसण्याआधी सहज मोजले. पन्नास सेंटिमीटर, पस्तीस. पन्नास, पस्तीस. हे होऊच शकत नाही. हे बटण लहानमोठी अंतरं टाकत नाही, सारखं अंतर ठेवणं एवढंच त्याचं काम. पुन्हा पहिल्यापासून मोजले. कारण पन्नास-पस्तीस मला पाठ आहे. हिचा डावा पाय लहानपणीच्या दुखण्याने आखूड होता. उजवं पाऊल लांब, डावं तोकडं. अकरा वर्षं त्या चालीच्या मागे चाललोय मी. तुझ्या चालण्यावर ठेका धरता येतो म्हणून चिडवायचो आणि ती पिशवी मारायची पाठीत.

काल मी तुझी पावलं पुसली गं. मला काय ठाऊक.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

आज पुसले नाहीत. बाईंना खोटंच सांगितलं की फाइल बिघडलीय.

वहीला हे सांगितलं नव्हतं. त्या दिवशी दोघं बबडीला शाळेतून आणायला निघालो होतो. मला फोन आला. मी म्हटलं, तू हो पुढे, तुझ्या चालीने जा, मी गाठतोच तुला. फोनवर जुना मित्र होता, पोट धरधरून हसत होतो मी. ट्रकचा ब्रेक ऐकू आला तेव्हाही हसतच होतो.

तुझ्या चालीने जा म्हणालो. जातेय अजून. घर बदललं आणि नवा पत्ता तिला दिलाच नाही आम्ही.

शनिवार, १४ सप्टेंबर

काल संध्याकाळी आणि आज सकाळी ठिपके एकाच जागी संपले. आमच्या कोपऱ्यावर. पुढे यायला वाटच नाही, कारण आमची गल्ली नकाशात नाही! रेघ नाही तर ती येणार कशावरून?

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर गल्ली काढली. आमच्या दारापासून सुरुवात केली, पाण्याच्या टाकीवरून वळण घेतलं आणि कोपऱ्यावर हमरस्त्याला जोडली. मी पागल झालो असेन तर होऊ दे. एकदा तिची माफी मागायचीय, बस्स.

रविवार, १५ सप्टेंबर

घर झाडलं. दाढी केली. बबडीला निळा फ्रॉक घातला. दुपारभर दार उघडं ठेवून बसलो. तीन कप कशाला मांडलेत, तिने विचारलं. मी म्हटलं, आज उगाच.

कोणी आलं नाही.

सोमवार, १६ सप्टेंबर

दुपारी १२:१०
बाईंनी बोलावून घेतलं. काढलेली गल्ली दिसली त्यांना. ओरडल्या नाहीत, उलट समजुतीने सांगितलं. रेघ जिथून काढायला सुरू करू तिथून ती सुरू होते आणि ठिपके सुरुवातीकडून शेवटाकडे जातात. म्हणून गल्ली नेहमी मोठ्या रस्त्यापासून काढायची, घराकडे. तुम्ही उलटी काढलीत, ही तर घरातून बाहेर जातेय. नव्या माणसाकडून होतं असं, म्हणाल्या.

घरातून बाहेर.

१२:१५
फाइल उघडली. गल्लीवर ठिपके आहेत. आमच्या दारापासून. अठ्ठावीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस. बारकी पावलं, सारखी. टाकीपर्यंत. वळणावरून. कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्यावर पन्नास-पस्तीस येऊन मिळतात आणि पुढे दोन्ही रांगा शेजारी शेजारी—

काकूंचा फोन. म्हणतात शाळेतून आली, दूध प्यायली, बाल्कनीत खेळतो म्हणाली, आणि आता—

१:४०
घरी. ऑफिसचा लॅपटॉप न विचारता उचलून आणला. हमरस्त्यावर दोन्हीकडे पळालो, घसा फाटेपर्यंत हाका मारल्या. पोलीस फोटो घेऊन गेले, घरीच थांबा म्हणाले. काकू रडताहेत. त्यांची काय चूक? दाराबाहेर जायची वाट मी काढली. माझ्या हाताने.

२:२५
पुढे चालल्यात. नकाशाच्या दुसऱ्या कडेकडे. बबडी एवढं चालत नाही गं, शंभर पावलं झाली की कडेवर घ्या म्हणते. तू तर थकत नाहीस आता—

मला ने. चूक माझी. फोन मी घेतला होता. तिला नको, मला ने.

२:५०
हमरस्त्याची रेघ उलटी केली. गल्लीची पण. आता सगळं घराकडे. ऐक, तूही ये हवी तर, दार लावणार नाही मी, पण तिला—

३:०५
थांबल्या. ठिपके पुढे सरकत नाहीत. देवा.

३:१५
परत फिरले! एकच रांग. तुझी मोठी पावलं नाहीत त्यात, नुसती बारकी. एकटीच येतेय. सोडलंस तिला. सोडलंस गं. हसू येतंय मला, रडू येतंय—

३:३०
कोपऱ्यावर. गल्लीत वळली. अंतर मोजलं—

अठ्ठावीस, वीस. अठ्ठावीस, वीस.

बबडीचे पाय धड आहेत. दोन्ही धड—

३:३४
बाल्कनीतून पाहिलं. गल्लीत खडी, ऊन, कोणी नाही. स्क्रीनवर टाकी ओलांडली.

३:३६
जिन्याला रेघ नाही. जिना मी काढला नव्हता. तरी वाजतोय. एक लांब, एक तोकडं—

काकूंना म्हटलं ऐकताय ना. नाही म्हणाल्या. आत जाऊन बसल्या.

बाबा म्हणाली. दाराशी. आवाज तिचाच, नाही, थोडा—

कशीही असो. माझी आहे. सहा वर्षांची पोर दाराबाहेर उभी आणि बाप वहीत लिहीत बसतो, लाज वाटायला—

आलो बबडे, कडी काढतो, रडू नको, बाबा आ