म्हसोबाच्या वळणावर दोन्ही हात

३ डिसेंबर १९५७, मंगळवार
आज पुन्हा. म्हसोबाच्या वळणावर मागून लॉरी आली आणि ताडपत्रीची सुटलेली दोरी माझ्या खांद्याला फटकारून गेली. लॉरीच अर्धा हात इकडे असती तर ही ओळ लिहायला मी नसतो. कारखान्यात पोचलो तरी कानस नीट धरवेना. फोरमनने विचारलं, ताप आहे का? हो म्हटलं.
सुशीलाला सांगितलं नाही. बत्तिसाव्या वर्षी सायकल शिकलो म्हणून आधीच हसते.

५ डिसें., गुरु.
घरमालक म्हादबा माझ्याच खात्यात हेल्पर. आकुर्डीतल्या जुन्या घराण्यातला. पहाटे बरोबरच निघतो, तो पुढे, मी मागे. दोरीचं सांगितलं. हसला नाही. म्हणाला, "फिटर, तुमी कडंला चिकटून चालता, तितंच चुकतंय. लॉरीवाल्याला वाटतं, मोप जागा हाय. दीड हात आत चाला. शिव्या देईल, देऊ द्या. शिव्या देतोय म्हंजी आपुन दिसतोय त्याला."
पटलं. पण मागून आवाज आला की सायकल आपोआप कडेला जाते. डांबर संपतं तिथे चार बोटं खाली मुरूम. चाक तिथे घसरलं की संपलंच. ठाऊक आहे, तरी जाते.

८ डिसें., रवि.
सु.ला कळलं शेवटी. रडली, मग कामाला लागली. मागच्या मडगार्डला चुना फासला. माझा कोट गडद निळा, पहाटेच्या धुक्यात कुणाला दिसणार? पाठीवर जुन्या धोतराचा पांढरा तुकडा शिवला. "हसले लोक तर हसू देत. मला तुम्ही घरी हवे आहात."

११ डिसें., बुध.
हसलेच. टाइमकीपर: "काय राव, नव्या कोटाला ठिगळ?" पण आज एक लॉरी लांबूनच भोंगा देत, बरीच बाजूने गेली. कारखान्यापर्यंत दीड हात आतून गेलो.
एक गोष्ट म्हादबाशी बोलायची आहे. म्हसोबा रस्त्याच्या उजवीकडे. तिथे सगळे चालत्या सायकलवर हँडल सोडून हात जोडतात. मीही. मान तिकडे वळली की सायकलही तिकडेच सरकते, म्हणजे रस्त्याच्या मध्ये. ऐन वळणावर. पण कसं बोलायचं? देवाचा मामला, आणि मी राजापूरहून आलेला भाडेकरू.

१३ डिसें., शुक्र.
बोललो नाही.
आज मी हात जोडले नाहीत. पहिल्यांदाच. दोन्ही मुठी हँडलवर, नमस्कार मनातल्या मनात. पुढे म्हादबाने दोन्ही हात सोडले, मान वळवली, सायकल हातभर उजवीकडे गेली आणि मागून लॉरी. तो ब्रेकचा आवाज अजून कानात... म. मुरमात फेकला गेलेला, फेटा सुटलेला. खांदा निखळला, पाय सोलवटला. वाचला.
ड्रायव्हर थांबला. रडवेला झाला होता. "दिसत होता हो मला. एकदम आडवा आला." खरं बोलत होता. लोक त्याला मारायला धावले तेव्हा मी मध्ये पडलो. पण जे पाहिलं ते सांगितलं नाही.

१९ डिसें., गुरु.
म.ची बायको सोनाबाई नारळ फोडून आली. "म्हसोबानंच वाचिवलं." गल्लीत दुसरंही कानावर आलं: मागच्यानं हात जोडले न्हाईत, म्हणून झालं. कुणी पाहिलं मला? इतके दिवस लॉरीची भीती होती, आता देवाचीही. आज जाऊन आलो. सायकल लांब उभी केली, पायी गेलो, पाया पडलो. काय मागितलं ते लिहीत नाही.

२ जाने. १९५८, गुरु.
म. येत्या सोमवारपासून कामावर. धीर करून सगळं सांगितलं. "मान वळते तिकडे चाक वळतं, म्हादबा. उतरून हात जोडा."
त्याने खांदा चोळला. मग, "इतकी वर्सं न्हाई उतरलो. आता उतरलो तर देव म्हनंल, म्हाद्या भ्याला."
"मग एकच हात सोडा."
"देवानं वाचिवल्याव एक हात? न्हाई जमायचं, फिटर."
११ डिसेंबरलाच बोललो असतो तर कदाचित ऐकलं असतं. तेव्हा देवाने वाचवलेलं नव्हतं. मी भ्यालो. खोली खाली करायला सांगेल म्हणून भ्यालो, दुसरं काही नाही.

५ जाने., रवि.
उद्या सोमवार. जेवण गेलं नाही. सायकलला दोनदा तेल दिलं.
तो हात सोडणार, मान वळवणार, उजवीकडे सरकणार. हे काही मला थांबवता येत नाही. म्हणून वळणाआधी मी मागे राहणार नाही. त्याच्या बरोबरीने जाणार, उजव्या बाजूने. तिथे मी असलो की त्याला सरकायला जागाच उरत नाही.
सु.ला सांगितलं. म्हणाली, "म्हणजे लॉरीच्या बाजूला तुम्ही?"
हो म्हटलं. ती भांडी घासायला बसली. फार भीती वाटते आहे. साडेपाचला उठवायला सांगितलं आहे.